खुंटी, झाडू आणि ओगराळे
(महिला बैठकीसाठी पाठ)

हा पाठ पाड्यावरच्या महिला बैठकीसाठी, बालवाडीच्या ताईंसाठी आणि आपल्या वसतिगृहातल्या मोठ्या मुलामुलींसाठी लिहिला आहे. एका बैठकीत तो सगळा घेऊ नये. मध्ये आठ-दहा दिवस सोडून तीन बैठकांत घ्यावा, म्हणजे सांगितलेले एखादे काम घरी करून पाहायला वेळ मिळतो. विषय साधा आहे. घर स्वच्छ ठेवण्याचे काम कमी कष्टात कसे होईल, एवढाच. ‘घर स्वच्छ ठेवा’ हे वाक्य मात्र बैठकीत कुणी उच्चारू नये. ते शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहे, ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे, रेडिओवरही ऐकून झाले आहे. ते ऐकून कुणाच्या घरातला केर कमी झालेला मी अजून पाहिलेला नाही.

मी राहते असोद्याला, जळगावच्या शेजारी. कामासाठी जाते यावल आणि चोपडा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याला, पावरा आणि भिल्ल वस्त्यांवर. या दोन ठिकाणच्या घरांत सतत ये-जा असल्यामुळे एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, आणि तीच या पाठाचे मूळ आहे. बाहेरून येणारा पाहुणा पाड्यावरच्या घरात शिरतो, जमिनीवर पसरलेली भांडी, कपडे, दोऱ्या, बियाण्याची गाडगी बघतो आणि मनात म्हणतो, इथल्या बाईला टापटीप नाही. त्याला भिंतीकडे बघायचे सुचत नाही.

भिंतीकडे बघा. असोद्यातली जुनी घरे धाब्याची. भिंती मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. बांधतानाच त्यांत कोनाडे सोडलेले, लाकडी खुंट्या ठोकलेल्या, कोपऱ्यात उतरंडीची जागा ठरलेली. दिवा कोनाड्यात, दोर खुंटीला, दही शिंक्यावर. बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावात अशाच घरांत जन्मल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांच्या गाण्यांत जाते, चूल अशा घरातल्या साध्या वस्तू अगदी ओळखीच्या माणसांसारख्या भेटतात. ज्या घरात प्रत्येक वस्तूला आपली जागा असते, त्या घरात वस्तूंशी अशी ओळख होते, असे मला वाटते. (हे माझे मत, अभ्यासकांचे नव्हे.)

आता पाड्यावरचे घर. मेढींवर छप्पर, आणि मेढींच्या मधे कारवीचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचा लेप. भिंत बोटभर जाडीची. तिच्यात कोनाडा निघत नाही, खुंटी ठोकली तर लेप पडतो. म्हणून वस्तू जमिनीवर येतात. वस्तू जमिनीवर असल्या की झाडताना प्रत्येक वस्तू उचलावी लागते, आणि पाण्याच्या खेपा करून दमलेली बाई मधला रस्ता तेवढा झाडून घेते. कोपरे राहतात. कोपऱ्यात दाणे सांडतात, दाण्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

यात आळसाचा भाग शोधूनही सापडत नाही. असोद्याच्या बाईला कुड दिला आणि पाड्यावरच्या बाईला जाड भिंत दिली, तर दोघींची घरे अदलाबदल होतील. कार्यकर्त्यांनी बैठकीला जाण्याआधी हे मनात पक्के करावे. आपण कुणाला वळण लावायला जात नाही, कामातली अडचण काढायला जातो.

आडवा बांबू

पहिले काम जमीन मोकळी करण्याचे. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. कुडाला हात न लावता मेढींचा आधार घ्यायचा. दोन मेढींच्या मधे, छातीच्या उंचीवर, एक आडवा बांबू दोरीने घट्ट बांधावा. यावर पांघरुणे आणि कपडे. त्याच्याखाली गुडघ्याच्या वर दुसरा बांबू नको, कारण मग त्याखाली पुन्हा अडगळ साचते. बेचक्याच्या फांद्या तोडून त्यांचे आकडे करून बांबूला अडकवले की पिशवी, विळा, टोपली, दप्तर टांगता येते. दप्तराचा आकडा मुलाच्या हाताला येईल इतका खाली असावा. तो उंच राहिला तर दप्तर परत जमिनीवर येणार, आणि ओरडा मुलाला बसणार.

भांड्यांसाठी घराबाहेर, उन्हाच्या बाजूला, चार खुंट रोवून कमरेच्या उंचीवर बांबूच्या पट्ट्यांची माची करावी. पट्ट्यांमधे बोटभर फट ठेवावी. घासलेली भांडी त्यावर उपडी घातली की पाणी खाली गळते, भांडी उन्हात वाळतात, कोंबड्या-कुत्री तोंड घालत नाहीत, आणि ओल्या भांड्याला माती लागून ते दुसऱ्यांदा धुवावे लागत नाही. हे शेवटचे कारण बायकांना सगळ्यात पटते. एका बैठकीत मी विचारले होते की दिवसातून किती भांडी दोनदा विसळावी लागतात. एक आजी म्हणाल्या, “बाई, पाणी मी आणते, मोजायला मला नको सांगू.” सगळ्या हसल्या. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांच्या अंगणात माची उभी होती, नातवाने केलेली.

सरपण हा अवघड भाग. पावसाळ्यात ते घरातच ठेवावे लागते, याला इलाज नाही. पण ते जमिनीवर कुडाला लावून रचू नये. दोन दगडांवर लाकडे आडवी टाकून त्यावर रचावे, खालून झाडू फिरेल इतके उंच, आणि झोपण्याच्या जागेपासून घराच्या दुसऱ्या टोकाला. इथे थोडे थांबून मण्यारीची गोष्ट सांगावी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार करतो, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. अशा वेळी थांबू नये, भगताकडे वेळ घालवू नये, सरळ सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. आणि आधीचा उपाय म्हणजे खाट, आणि खाट नसेल तर अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी. तिने डासही अडतो आणि मण्यारही. अंथरूण रोज सकाळी उचलून बांबूवर टाकण्याची सवय याच कामाची आहे. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली गोधडी विंचवाला फार आवडते.

झाडूबद्दल

झाडू हे गरिबाच्या घरातले सगळ्यात जास्त वापरले जाणारे आणि सगळ्यात कमी विचार केलेले अवजार आहे. एकाच झाडूने अंगण, गोठा आणि चुलीपुढची जागा झाडली की गोठ्यातले शेण-मूत चुलीपर्यंत येते. म्हणून निदान दोन हवेत. अंगणाला आणि गुरांच्या जागेला खराटा. तो तुराट्यांचा घरीच बांधता येतो, आपल्याकडे तुरीला काय तोटा! आतल्या सारवलेल्या जमिनीला शिंदीच्या पानांची मऊ केरसुणी. कडक खराटा आत फिरवला तर सारवणाचे पोपडे निघतात, आणि मग धूळच धूळ. दोन्ही झाडू वेगवेगळ्या जागी टांगलेले असावेत, म्हणजे अंधारातही हात चुकत नाही.

खराट्याला दांडा लावा. छातीपर्यंत येईल असा बांबू घेऊन त्याच्या टोकाला खराटा तारेने किंवा काथ्याने दोन जागी आवळला की अंगण उभ्याने झाडता येते. गरोदर बाईला, कंबर धरलेल्या आजीला आणि लाजाळू पुरुषाला हा दांडा उपयोगी पडतो. पुरुषाचे मी गमतीने लिहीत नाही. वाकून झाडणे हे बाईचे काम, असे मनात बसलेले पुष्कळ तरुण उभ्याने खराटा मारायला तयार होतात, हे मी दोन-तीन पाड्यांवर पाहिले आहे.

केर भरायला सुपली नसेल तर तेलाच्या पत्र्याच्या डब्याची एक बाजू कापून कडा आत ठोकून घ्यावी. केर भरण्याचे साधन नसले की केर दाराबाहेर लोटला जातो आणि वाऱ्याने संध्याकाळपर्यंत परत घरात येतो. मग तोच केर दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडायचा!

दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दिवाळीत नव्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते, तिला पाय लावत नाहीत. कार्यकर्त्यांनी यावर वाद घालू नये. उलट ती सवयीची वेळ म्हणून वापरावी. मिणमिणत्या उजेडात केराबरोबर चांदीचा मणीसुद्धा बाहेर जायचा, असे या समजुतीमागचे कारण सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. म्हणून दिवा लावायच्या आधी एकदा हलका हात फिरवायचा. सकाळचे झाडणे मोठे आणि संध्याकाळचे छोटे, अशी जोडी जमली की सकाळचे कामही अर्धे होते. संध्याकाळचे छोटे काम मुलांकडे द्यावे.

पाणी, आणि हात

या पाठात काहीच जमले नाही तरी चालेल, पण हा भाग सोडू नये, कारण इथे लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात पाड्यावर जुलाब सुरू होतात तेव्हा दोष पुष्कळदा फक्त झिऱ्याला दिला जातो. झिऱ्याचे पाणी बिघडते हे खरेच आहे. पण चांगले भरून आणलेले पाणीही घरात आल्यावर बिघडते. हंड्यात पेला बुडवला की पेल्याबरोबर बोटे बुडतात, आणि रांगणारे मूल त्याच बोटांनी शेणाच्या अंगणात खेळून आलेले असते.

इलाज म्हणजे झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे. बाजारातले ओगराळे महाग वाटले तर नारळाच्या करवंटीला बांबूची काडी आरपार घालून घरी करता येते. ते हंड्याच्या शेजारी टांगलेले असावे, हंड्यात सोडलेले नसावे. हंडा जमिनीवर न ठेवता दगडाच्या किंवा लाकडाच्या उंचवट्यावर ठेवावा. एवढ्याने रांगणाऱ्या मुलाचा हात तिथे पोहोचत नाही.

हात धुण्यासाठी पाणी कमी पडते, ही तक्रार खरी आहे. दोन डोंगरवळणे उतरून आणलेला हंडा हातावर ओतायला जीव होत नाही. यासाठी एक साधन मी सगळ्या पाड्यांवर दाखवते. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, वरच्या बाजूला तापलेल्या खिळ्याने एक बारीक भोक पाडायचे, दोन खुंटांमधल्या आडव्या काठीला तो मुठीतून टांगायचा. तोंडाला दोरी बांधून ती खाली जमिनीवर ठेवलेल्या काठीला जोडायची. काठीवर पाय दिला की कॅन कलतो, बारीक धार पडते. पाय काढला की धार बंद. हाताने कशालाच शिवावे लागत नाही. साबणाची वडी भोक पाडून दोरीने शेजारी लटकवायची, म्हणजे ती चिखलात पडत नाही आणि कावळाही नेत नाही. झिम्बाब्वेमध्ये असे साधन पूर्वी वाळलेल्या भोपळ्याचे करत. आपल्याकडे जुन्या माणसांना तुंब्यातून पाणी नेण्याची सवय होतीच, त्यामुळे आजोबांना ही युक्ती लगेच कळते. एका तांब्यात एकाचे हात धुवून होतात, तेवढ्यात इथे घरातल्या सगळ्यांचे होतात. खाली पपई किंवा अळू लावावे, तेही पाणी वाया जात नाही.

जगभरच्या अनेक अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष असा आहे की साबणाने हात धुण्याची सवय लागली की लहान मुलांचे जुलाब साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर आणि भाकरी थापण्याआधी, या तीन वेळा धरल्या तरी पुरे. साबण नसेल तर चुलीतली स्वच्छ राख चालते. अंगणातली माती नको.

साठवलेल्या पाण्याचा आणखी एक नेम आहे. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, कोंबड्यांचे पाण्याचे टोकर रिकामे करून आतून घासून काढायचे. डेंग्यूचा डास अशा साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून आठवड्याचा नेम. पाड्यावर बाजाराच्या दिवशी हे करायचे ठरवले की कुणाला तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

सारवण

सारवलेली जमीन दिसायला सुंदर, पायाला गार, आणि धूळ बसवणारी. माझा सारवणाला विरोध नाही. पण दोन ठिकाणी ते नको, हे स्पष्ट सांगावे. बाळंतिणीची खोली ओल्या शेणाने सारवू नये, आणि बाळाच्या नाळेला शेण, राख, तेल काहीही लावू नये. शेणातून धनुर्वाताचे जंतू जातात. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात संपल्याचे जाहीर झाले, ते गरोदरपणातल्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. ती लस चुकवून चालणार नाही. दुसरे ठिकाण म्हणजे रांगत्या मुलाची बसण्याची जागा. तिथे धुता येईल अशी चटई किंवा जाड गोणपाट अंथरावे.

मेक्सिको देशात सरकारने २००० सालापासून गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंट टाकून दिले. नंतर तपासले तेव्हा त्या घरांतल्या मुलांच्या पोटातले जंत आणि जुलाब पुष्कळ कमी झालेले आढळले. आपल्याकडे घरकुल मंजूर होते तेव्हा पैसे छपरावर संपतात आणि जमीन राहून जाते. यादीत नाव आलेल्या कुटुंबाने एका खोलीची तरी जमीन आधी करून घ्यावी, चुलीजवळची आणि मुलांच्या झोपण्याची.

काम कुणाचे

वसतिगृहातली आठवीची एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली आणि आईला म्हणाली, “आपल्या घरात घाण आहे, मला इथे जेवण जात नाही.” आईने काही उत्तर दिले नाही. त्या दिवशी ती जेवलीच नाही, हे मला शेजारणीने सांगितले. असे शिक्षण देण्यासाठी आपण मुलींना पाड्यावरून आणत नाही. पुढच्या सुट्टीला त्या मुलीबरोबर आम्ही दोन वाव दोरी, एक कॅन आणि खिळा दिला, आणि बोलायचे काही नाही असे बजावले. तिने आणि धाकट्या भावाने मिळून आडवा बांबू आणि हात धुण्याचा कॅन केला. आईने पहिल्या दिवशी त्यावर फक्त विळा टांगला. आठवड्याने गोधड्या टांगल्या.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून काढत, कपडे धुवून घड्या घालत. पुढे मुले आपोआप लाजून हात लावू लागली. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन रात्री करत. दोघांचा क्रम लक्षात घ्या. काम आधी, बोलणे मागून, आणि काम करणारे दोघेही पुरुष. आपल्या मुलांच्या वसतिगृहात अजूनही भांडी घासण्याची पाळी शिक्षा म्हणून दिली जाते असे दिसते. ती बंद व्हावी. शिक्षा म्हणून केलेले काम मुलगा घरी जाऊन कधी करणार नाही, बहिणीला करायला लावेल.

बैठक कशी घ्यावी

पहिल्या बैठकीत काहीही सांगू नये. पाण्याच्या दिवसभराच्या खेपा काड्या मांडून मोजाव्यात, आणि विचारावे : झाडताना सगळ्यात जास्त वेळा काय उचलावे लागते? घरात रोज शोधावी लागते अशी वस्तू कोणती? पाच वर्षांच्या मुलाला कोणते काम देता येईल? उत्तरे बायकांच्याच तोंडून यावीत. दुसरी बैठक अंगणात, प्रत्यक्ष माची आणि कॅन बांधून. बांबू, दोरी, खिळा, करवंटी बरोबर न्यावी, आणि बांधायला पुरुषांना बोलवावे. ज्यांचे घर सगळ्यात अडचणीचे आहे त्यांच्याकडे सुरुवात करू नये, ते घर सगळ्यांच्या नजरेला पडते. तयार असलेल्या एखाद्या आजीचे अंगण बघावे.

तिसऱ्या बैठकीला गेल्यावर घरे तपासत हिंडू नये. फक्त हंड्याजवळ ओगराळे टांगलेले आहे का, तेवढे पाहावे, आणि कुठले साधन मोडले ते विचारावे. कॅनची दोरी उन्हाने महिन्या-दोन महिन्यांत कुजते, ती बदलायला लागते. त्यासाठी थोडी सुतळी पिशवीत असू द्यावी. माचीखाली गळणाऱ्या पाण्याने चिखल होतो अशी तक्रार बहुतेक ठिकाणी येईल. त्यावर शोषखड्डा कसा करायचा, हा पुढच्या अंकातला पाठ आहे.